रात्रपाळी

लिव्हरपूलला रक्त मध्यरात्री घ्यावं लागतं,
म्हणजे या जंतांसाठी.
दिवसभर त्यांची पिल्लं फुप्फुसांच्या आडोशाला बसून असतात,
डास जागे व्हायच्या वेळी वर येतात.
इथे तो डास नाही, हे त्यांना कुणी कळवलेलं नाही.

एफुआ आली. आधी पाय आला दारातून,
गुडघ्याखाली फणसाच्या सालीचा,
मग काठी, मग ती.
मागून धाकटी अराबा, लिफ्टची वाट न बघता
तीन जिने चढून, घोट्यात बारीक साखळी.
दोघी घानाच्या एकाच खाडीकाठी वाढल्या,
एकाच चटईवर.

बारा वाजून दहा मिनिटांनी बोटं टोचली.
एफुआची काच कोरी.
अराबाचीही कोरी.
डॉक्टर हॅल्सॉल म्हणाले, छान, आणि कोट चढवला.
मी उगाच विचारलं, अराबा, तू झोपतेस कधी?
ती हसली. बिस्किटांचा कारखाना, रात्रपाळी,
सात वर्षं. आज रजा टाकली होती.
झोप सकाळी नवाला, पडदे ओढून.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तिला झोपेतून उठवून आणलं
आणि काचेवर जांभळ्या शाईत
एक्कावन्न मोजले, पुढे सोडून दिलं.
पातळ झगे घातलेले,
कुणी उकार, कुणी वेलांटी, कुणी रफार,
अक्षरं सोडून नुसतीच पळालेली.

"माझ्यात एकही नाही?" एफुआने विचारलं.
नाही.
"आणि हिच्यात भरून?"
हो.
"मग पाय माझा का?"

मी वेंगुर्ल्याची. उत्तर आलं ते मराठीत आलं:
हिने पाहुण्यांना ओसरी दिली,
त्यांनी पाय पसरले नाहीत.
तू ओसरी नाकारलीस, दारं लावलीस, भांडलीस,
आणि पसरला तो तुझाच पाय.
जंत कधीच मेले. पांढऱ्या पेशी
त्यांच्या मढ्यांभोवती अजून पहारा देतायत,
रसाच्या वाटा तुंबवून.

(माझं भावाशी नऊ वर्षं बोलणं नाही.
ज्या माडावरून बिनसलं
तो तिसऱ्याच वर्षी वादळात पडला.)

इंग्रजीत एवढंच म्हणाले,
तुझं शरीर जरा जास्त लढलं.
"जिंकलं?"
मी काच पुसायला घेतली.

अराबाला गोळ्या दिल्या.
एफुआला साबण, कोमट पाणी, पट्ट्या,
बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करायच्या,
निजताना पाय उशीवर. जन्मभर.

निघताना ती म्हणाली, बूट मी दोन जोड घेते,
पाच नंबर आणि नऊ.
उजवा पाचाचा, डावा नऊचा.
उरलेले दोन दाराशी पडून असतात, कुणाचेच नाहीत.

पुढच्या खेपेला पिशवीतून एकच घेऊन आली,
उजवा, नऊ नंबर, करकरीत.
"उजव्या पायाचं कुणी आलं तर."

आमच्या फडताळात आहे तो,
स्लाइडच्या खोक्यांशेजारी.
नाडी अजून ओवलेली नाही.