कार्ड घातलेलं नाही

उणे एकतीस. शटर अर्धं वर करून
जर्गलसैखाननं गाडी आत घेतली तेव्हा
ती, तो आणि मी, तिघेही खोकत होतो.
"ही बाई काढ," म्हणाला, "आणि मोठा पडदा बसव.
दहा इंची. मुलगी म्हणते,
बाबा, तुमची गाडी आंधळी आहे."

आंधळी नाही, बहिरी.
जपानी रेडिओचा कान नव्वदला संपतो
आणि उलानबातर बोलतं नव्वदच्या पुढे.
आठ वर्षं हा अर्वाइखेरचा रस्ता
खरखर ऐकत कापतोय,
मागे घोडीच्या दुधाचे कॅन, परीक्षेला निघालेली पोरं,
एकदा एक बाळंतीण.

नकाशाचंही तेच.
नीगाताचा किनारा सरला की नुसतं करडं.
त्या करड्यात एक लाल बाण,
ना रस्ता, ना नदी, ना गावाचं नाव,
तरी ऐटीत वळतो, थांबतो, पुन्हा निघतो.
चुकलेल्या माणसाला एवढी खात्री
मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आधी हीटर लावला. या थंडीत क्लिपा
बिस्किटासारख्या तुटतात.
मग कडेकडेनं, मूठ आत सारत
मेंढीचं कातडं सोडवावं तसा
डॅशबोर्ड सोडवला.
पिवळी वायर कायमची, लाल किल्लीची, काळी जमिनीची.
जांभळ्या आणि हिरव्या स्पीकरच्या,
त्या माझ्या कधीच लक्षात राहत नाहीत.

काढण्याआधी जुन्या डिस्कवर पाहिलं:
"घर" म्हणून एकच झेंडा, डोंगराच्या पायथ्याशी.
कुणाचं, कोण जाणे.
पुसा म्हटलं तर यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की?
दुसऱ्यांदा मी जरा थांबलो.

तेवढ्यात हा चहा ढवळत म्हणतो,
"तुला त्यांची भाषा येते ना? तोयामाला होतास."
होतो. तीन वर्षं भंगारात गाड्या सोलल्या.
"रोज सकाळी किल्ली फिरवली की काहीतरी म्हणते.
आई म्हणायची, वाटेला आशीर्वाद देते.
मी रोज म्हणतो, झा, झा."

आता काय सांगू?
"ती म्हणते, कार्ड घातलेलं नाही.
तिकडे टोलला लागतं."

तो हसेल असं वाटलं होतं.
पेला खाली ठेवला.
"म्हणजे आठ वर्षं ती काहीतरी मागतेय,
आणि मी नुसतं हो हो करतोय."
बायको दोन वर्षांपूर्वी सोडून गेली
हे मला ठाऊक होतं. मी पान्हा शोधायला वाकलो.

संध्याकाळी पडदा लागला.
आमच्याच लिपीत नमस्कार, मागचा कॅमेरा,
शंभर पॉइंट काहीवर कुणी गळा काढून गातंय.
तो बोटानं नकाशा मोठा करत गेला,
अर्वाइखेर, मग त्याची गल्ली, मग कुंपण.
"अरे, हे तर माझं कुत्र्याचं घर."

आणि स्टेअरिंगच्या खालून, अंधारातून,
स्वच्छ, सभ्य आवाजात:
कार्ड घातलेलं नाही.

टोलची डबी वेगळी असते. विसरलोच.
कटर घेतला, आडवा झालो,
वायर दोन बोटांत धरली.
"थांब," म्हणाला.
खिशातून बँकेचं कार्ड काढलं, फुंकर मारून पुसलं,
माझ्या खांद्यावरून हात घालून
त्या फटीत सरकवलं.

डबी गप्प. मग:
हे कार्ड वाचता येत नाही. कृपया तपासून पाहा.

"काय म्हणाली?"
सांगितलं.
आठ वर्षांत पहिल्यांदा वेगळं वाक्य.
जर्गलसैखान इतका हसला की
डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठायच्या आत
त्याला टोपीनं पुसावं लागलं.

कार्ड मात्र परत काढलं.
माझे पैसे त्यातूनच द्यायचे होते.
वायर कापली नाही. तिचे पैसेही लावले नाहीत.
शटर वर केलं, गाडी मागे घेताना
नव्या पडद्यात माझं अख्खं गॅरेज दिसलं, उलटं,
आणि काच बंद होता होता
आतून दोन आवाज ऐकू आले:
एक तिचा, नेहमीचा.
एक त्याचा. "झा," म्हणाला, "कळलं."