वास गेला की

लेओन शहरात, चामड्याच्या कारखान्यात,
माझं पहिलं काम दोन नाल्यांना रंग द्यायचं.
एक पिवळा, एक निळा.
डबे हातात देऊन एर्मेलिंदा म्हणाली,
रेघेबाहेर गेलास तरी चालेल,
रंग चुकवू नकोस.

पिवळ्यातून जातं चुना-सल्फाइडचं पाणी,
कातड्यावरचे केस खाऊन दाटलेलं.
निळ्यातून आम्लाचं,
दिसायला अगदी पिण्याजोगं.
आपापल्या जागी दोघांचं काही वाकडं नाही.
दोघांनी मिळून कातडं कमावलं जातं
आणि कातड्यावर सगळी गल्ली कमावते.

पूर्वी नाला एकच होता.
कोपऱ्यात झाकणाखाली हौद, दीड पुरुष खोल.
एका शनिवारी मॅच होती,
घरी जायची घाई,
दोन्ही पिंपं एकदमच सोडली.
उकळलं नाही. भडकलं नाही.
धूरसुद्धा नाही.
सडक्या अंड्यांचा वास आला,
पण तो तर इथे पावालाही येतो.

हौदाचं तोंड केसांनी तुंबलं होतं.
निकानोर शिडीने उतरला.
तिसऱ्या पायरीवरून वर बघून म्हणाला,
"बघा, गेला वास!"

इथवर आली की एर्मेलिंदा
कोरडा ब्रश पुसत बसते.
आधी नाक मरतं, म्हणते,
मग माणूस.
त्याला काढायला त्याचा मेहुणा तोबियास उतरला.
तोबियासला काढायला मिठाच्या ट्रकचा ड्रायव्हर,
ज्याचं नाव आम्हाला दुसऱ्या दिवशी
पेपरात कळलं.
चौथी मीच होते.
माझा डावा गमबूट चिखलात रुतला,
निघेचना.
तेवढ्यात कुणीतरी मागून वेणी धरली.

एवढंच.
मी नाल्याकडे वळलो.

दुपारी दोन्ही ब्रश
एकाच डब्यातल्या पाण्यात बुडवले.
सुरेख हिरवं झालं,
कोवळ्या मक्याच्या पानासारखं.
तिने पाहिलं.
डबा उचलून ओतून दिला,
दुसरा आणून शेजारी ठेवला,
बोलली काहीच नाही.

रात्री घरी आलो तर आई म्हणाली,
केवढा वास येतोय तुझ्या अंगाला, आधी अंघोळ कर.
येतोय ना?
मी दारातच उभा राहिलो,
शर्टाची बाही नाकाशी धरून.