अर्धा फेरा

कोत्काच्या रस्त्यांवरचं मीठ,
एकोणतीस हिवाळ्यांचं,
राईलीच्या साबच्या पोटाखाली साचलंय.
मागच्या चाकापाशी, ब्रेकची लोखंडी नळी
जिथे रबरी नळीला भेटते,
तिथला अकरा नंबरचा नट
आता नट कुठला, गंजाची सुपारी.

परवा तेल मारलं. काल मारलं. आज सकाळीही.
पाना लावला तर कोपरेच झिजले.

हा आह्तीनं आवळलेला.
त्याची सवयच तशी: घट्ट बसलं
की वर आणखी अर्धा फेरा.
मुरंब्याच्या बरण्या, सौनाचा नळ,
पाहुण्यांचा निरोप घेताना त्यांचे हातसुद्धा.
तो ओउलूला निघून गेला त्याला नऊ वर्षं झाली;
फडताळात दोन बरण्या अजून बंदच आहेत.

रबरावर ओलं फडकं गुंडाळून
ती नटाला जाळ दाखवते.
लाल होतो, मग काळा.
सुंभ जळतो; पिळाचं नाव नको.

शेवटी करवतीनं नळीच कापते,
थोटकावर सॉकेट ठोकून बसवते,
दांड्याला हातभर पाइप जोडते
आणि उताणी पडून, टाचा भिंतीला रोवून

टक्.

एवढंच.
डोळ्यांत गंज, ओठावर काहीतरी खारट.

नवी नळी तांब्याची.
शेजारचा ओन्नी पेडल दाबतो, धरतो, सोडतो,
बुडबुडे संपेपर्यंत.
नट ती मनगटाला पटेल इतकाच आवळते. पुरे.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला.
सकाळी त्यावर नाण्याएवढा डाग.

राईली बराच वेळ बघत राहते.
मग पाना शोधते.
अर्धा फेरा.
ओन्नीला सांगायची काही गरज नाही.