अर्धविराम

ॲबरडीनच्या कोरणीयंत्राला शोक कळत नाही.
फाइल येते, ते वाचतं,
लिहिलंय तेवढं ग्रॅनाइटमध्ये उतरवतं,
तीन मिलिमीटर खोल.

मार्चमध्ये एक फाइल मध्येच फुटली होती.
बेकरीच्या पाटीचं काम, 'रेनी & सन्स'.
हे चिन्ह एक्सएमएलमध्ये उघडं चालत नाही;
ते दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता काही गुपित येणार,
तो कान देतो, आणि पुढे नुसतीच मोकळी जागा.

रात्री साडेअकराला इशबेल क्रुकशँकने त्याला वेश चढवला:
चिन्हाच्या मागे ए, एम, पी, शेवटी अर्धविराम.
पलीकडे पोचलं की वेश उतरतो, आत मूळचं ते.
एवढंच करायचं होतं.

पण दुधाने तोंड पोळलेलं.
नोंद घेताना तिने एकदा फुंकलं;
फाइल लिहिणारी लायब्ररी आपणहून फुंकतेच,
हे कुठेतरी वाचलं होतं, विसरली.
ताक गारच होतं.

जूनमध्ये एफी & मॅग्नस.
तो शहाण्णव साली गेला, ती या वसंतात.
यंत्राने एक वेश उतरवला
आणि दुसरा इमानाने कोरला.

"अँप कोण?" वॉल्टरने विचारलं.
त्यांचा मुलगा, बंदरात तीस वर्षं माशांवर बर्फ टाकलेला,
अक्षरांवरून बोट फिरवत, घाई नाही.
"आई बाबांना बरीच नावं ठेवायची. हे त्यात नव्हतं."
इशबेल म्हणाली, चूक माझी,
आणि समजावू लागली, वेश, मग दुसरा वेश,
आणि मधेच थांबली,
कारण उकडतंय म्हणून तो रेनकोट काढत होता
आणि खाली अजून एक होता.
"कळलं," तो म्हणाला. "पण हा अर्धविराम?
त्यांना तर पूर्ण मिळालाय."

नव्या दगडाचे पैसे घेतले नाहीत.
जुना मागच्या दाराशी पालथा, पायरी म्हणून.
इशबेल त्यावर पाय देत नाही, ओलांडते.

चाचण्यांच्या यादीत ती दोघं आता सर्वांत वर.
खाली आयरिश आडनावांतली लोंबती अवतरणं,
आणि कुणा नातीने आजोबांसाठी लिहिलेला
डावीकडे टोक केलेला कोन, त्याला चिकटून तीनचा आकडा:
आडवं पडलेलं हृदय. तेही एकदा फाइल फोडून गेलेलं.

रोज पहाटे चारला दोघं आत शिरतात,
अंगावर एकच वेश, तो पलीकडे उतरवतात.
यंत्र बंद, धूळ खाली बसलेली.
एफी & मॅग्नस.
मध्ये तिसरं कुणी नाही.