वाटणी

कुताइसीत, रिओनीच्या काठच्या एका तळघरात
आमचा बाप शाल्वा टीव्ही दुरुस्त करायचा
डावा हात पँटच्या खिशात घालून.
एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणायचा,
आणि छातीतून शॉकही जात नाही.
पुढे सवयच झाली. आम्हाला जवळ घ्यायचा
तेही एकाच हाताने.

मी नऊची, मानाना सातची.
त्याने टेबलावर दोन कपॅसिटर ठेवले,
निळे, जुळे, अंगठ्याएवढे.
एक भरला तीनशे व्होल्टपर्यंत. दुसरा कोरा.
मग तारेने जोडले.
चट्.
जळक्या नाण्याचा वास.
मीटर धरला : इकडे दीडशे, तिकडेही दीडशे.
"प्रभार थेंबभरही सांडला नाही बघा,
सहासष्टचे तेहतीस आणि तेहतीस.
पण दहा ज्यूल होते, उरले पाच."
मग बाकीचे?
"वाटायला लागले," बाप म्हणाला,
आणि चहा मागितला.

मानाना थेसालोनिकीला गेली
कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला न्हाऊ घालायला.
अकरा वर्षं.
इथे बाप आणि मी, एका छताखाली,
मध्ये कागदाएवढं अंतर.
पत्रे जितके जवळ, तितकं जास्त साठतं,
फक्त एकमेकांना टेकायचं नाही.
तर साठत गेलं : दवाखान्याच्या पायऱ्या,
लाकडाचे भाव, पहाटे तीनचा त्याचा खोकला,
आणि रविवारी फोनवर माझं
"ठीक आहे गं सगळं."

चाळिसाव्याला ती आली.
पिशव्या दारातच टाकून, दोन्ही हातांनी.
पुढचं मला नीट सांगता येत नाही.
मी ओरडले. तीही ओरडली.
भांडण समजून वरची लामारा
पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.
मग कुणीच काही बोललं नाही.
संध्याकाळी आम्ही दोघी सारख्याच होतो,
ती भरलेली अर्धी, मी रिकामी अर्धी.
बापाचा हिशेब बरोबर निघाला.
एवढंच सांगायचं राहिलं होतं त्याचं
की तार काढली तरी
तेहतिसाचे परत सहासष्ट होत नाहीत.

रात्री तळघर आवरलं.
शेवटचा टीव्ही, पाठ उघडी, कुणी न्यायला न आलेला.
मी स्क्रूड्रायव्हर आडवा लावला. चट्.
मीटरवर शून्य.
मानाना दिवा विझवायला निघाली. थांब, म्हटलं.
बाटलीत उरलेली वाइन संपवली,
पावाच्या तुकड्यावर त्याच्या नावाचे थेंब ओतले,
त्याच्या वाईट विनोदांपैकी दोन आठवले,
तिसरा कुणालाच आला नाही.
मग पुन्हा मीटर लावला.

नऊ व्होल्ट.

कुणी भरलं नव्हतं.
आत मुरलेलं असतं थोडं,
एका चटक्यात निघत नाही,
सावकाश वर येतं.
मानाना वाकून काटा बघत होती,
उजव्या हातात मीटरची लाल तार.
डावा हात
कोटाच्या खिशात होता.