तपासणी

एकतीस वर्षं नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
रंग रंगावर न बसलेला कागद
भिंगाखाली धरायचा, लाल पेन्सिल मारायची, बाजूला.
निवृत्तीनंतरही नोटाच आल्या वाट्याला,
फक्त या गायच्या असतात.

साडेचारशे वर्षांमागचं रोमचं गाणं,
चार आवाजांचं. पेटी नाही, साज नाही.
झेरॉक्स बिटको चौकातली,
लॅटिनखालचं देवनागरी तर्सिलाच्या हातचं.
'पाचेम'. शेजारी तिनेच लिहिलंय : शांती.
आणि एक टिंब, श्वास घ्यायच्या जागी.

गुरुवारी सराव, नाशिकरोडला, चर्चमागच्या खोलीत.
जानेवारीत फरशी इतकी गार
की सोप्रानोतल्या बायका मोजे घालून गातात.
तर्सिला आल्टोत होती. म्हणायची,
"आमच्या ओळीला चाल कुठेय?
आम्ही म्हणजे भाजीतलं मीठ. नसलो की कळतो."

आता तिच्या जागी एलविना पगारे,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची.
परवा बोट ठेवून म्हणाली,
"काका, इथे छपाईची चूक आहे.
मी बरोबर गाते तरी बेसूर होते."

कागद घरी आणला. भिंग काढलं.
चार रंगांनी चार धागे सोडवले.
आधी टेनर शब्द उचलतो, मागून सोप्रानो तोच शब्द,
एका विहिरीत पोहऱ्यामागे पोहरा.
'पाचेम'पाशी सगळे जवळ येतात.
आल्टो 'सा'वर, बास खालच्या 'सा'वर.
काही खुपत नाही.
मग आल्टो तिथेच थांबते
आणि बास एक पायरी चढून 'रे'वर जातो.
आता खुपतं.

तीनदा तपासलं.
आल्टो हललेलीच नाही.
सूर तोच, जो क्षणापूर्वी बरोबर होता.
हलला तो बास.
बासमध्ये मी गातो.

देवासला बढती घेतली तेव्हा तिला विचारलं नव्हतं.
रूथची दहावी, माझ्या आईचं डायलिसिस,
ती जेल रोडलाच राहिली.
सुट्टीला यायचो आणि म्हणायचो,
घरात शिरलं की काहीतरी खटकतं,
तर्सिला, तुझं काहीतरी चुकतंय.

कागदावर पुढे असं आहे :
ती एक ठोका तशीच राहते, खटकत,
मग एक पायरी उतरते, 'नी'वर,
आणि गोड होतं सगळं.
ऐकणाऱ्याला वाटतं, बासने सांभाळून घेतलं.
तेव्हाचा नियमच होता म्हणे,
जो थांबला त्यानेच उतरायचं.
कोणी केला, ते झेरॉक्सवर नाही.

लाल पेन्सिलीचं टोक सवयीने
आल्टोच्या ओळीवर टेकलं होतं.
उचललं.
खाली, माझ्या 'रे'भोवती गोल केला, लहानसा.

गुरुवारी एलविनाला सांगायचंय,
चूक नाही, पोरी. धरून ठेव.
मीच जरा जपून चढेन.
आणि मोजे आण, फरशी गार असते.