खोपट, पहाटे साडेपाच

चिपळूण गाडी अजून लागलेली नाही.
वन्सं फोनवर सांगतायत:
दोन चड्ड्या वरच्या कप्प्यात, तळाशी नकोत.
दुधाच्या पिशव्या धुऊन घे, फुगवून बघ आधी,
भोक असलं तर नको तेव्हा कळतं.
वडखळपर्यंत दूध नाही. कोरडे चुरमुरे.
खिडकी मोठीला दे, निनाद काय,
गाडी हलली की झोपतोय.

मी हो हो म्हणते.
बाकड्यावर बसून शमिकाच्या मनगटावर
बॉलपेनने माझा नंबर लिहिते.
हे मात्र कुणी सांगितलेलं नाही.
तिला गुदगुल्या होतात, साताचा नऊ होतो,
थुंकी लावून पुसते, पुन्हा लिहिते.

मग ती पेन हिसकावते.
माझ्या डाव्या हातावर, घड्याळाच्या वर,
उलटा श, मोठ्ठा मि,
का-ला जागाच उरत नाही.
"आता तू हरवलीस ना,
की तुला माझ्याकडे आणून देतील."

निनाद झोपला नाही.
पनवेलच्या अलीकडेच ओकला,
पिशवीत निम्मं, निम्मं माझ्या ओढणीवर.

वडखळला नळाखाली
सगळं खसाखसा धुतलं,
डावा हात तेवढा
लांब धरून.